शेवटची पाळी आडवी घाला

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो.

मृग तोंडावर आलाय. पेरणीआधी आज एकच गोष्ट बोलायची आहे: उताराच्या रानात औत कोणत्या दिशेनं चालवायचं.

बालाघाटाच्या डोंगररांगेत कितीतरी रानं लांबट, चिंचोळी आहेत आणि लांबी उताराच्याच अंगानं. फेरे कमी पडतात, डिझेल वाचतं, म्हणून ट्रॅक्टर वरून खाली नेला जातो. मग पेरणीचं प्रत्येक तास, म्हणजे औतानं पडलेली ओळ, पाण्याची वाट होऊन बसतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, म्हणून पाणी वरच्या अंगालाच अडवायला हवं.

पहिल्या दणक्याच्या पावसानंतर रानात जाऊन बघा. तासातासांतून बोटभर खोल ओघळी पडलेल्या असतात, वरच्या अंगाला मुरमाचे खडे उघडे पडतात आणि खालच्या बांधाला मऊ गाळ साचतो. तोच तुमच्या रानाचा कस. मिलिमीटरभर माती गेली तरी एकरी सुमारे ५ टन जाते. आणि पाणी? ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी २ लाख लिटर! पुढं ऑगस्टात उघडीप पडली की यातलंच पाणी आपण आठवत बसतो.

रोटाव्हेटरबद्दलही कळकळीनं सांगतो. माती पिठासारखी बारीक करू नका. थेंबांच्या माऱ्यानं सुटलेले कण छिद्रांत बसतात, वर पापडी धरते आणि पाणी मुरायचं थांबतं. थोडी ढेकळं राहू द्या, धसकटं वेचून पेटवू नका.

म्हणून कुळवाची शेवटची पाळी, म्हणजे पेरणीआधीची शेवटची फेरी, उताराला आडवी घाला. आडवी म्हणजे बांधाला समांतर नव्हे, कारण बांध वाकडेतिकडे असतात. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घ्या, दोन माणसं लावा, समान पातळीच्या खुणा करून फक्कीची रेघ ओढा. शेवटची कुळवाची पाळी आणि पेरणी त्या रेघेला धरून करा. चिंचोळ्या पट्टीत ट्रॅक्टर वळत नसेल, तर पेरणीपुरती बैलजोडी लावा. भाडं थोडं जास्त पडेल, पण माझ्या मते ते द्यावंच.

भारी काळ्या रानात मात्र पाणी तुंबून पीक पिवळं पडतं. तिथं तासांना किंचित ढाळ देऊन जास्तीचं पाणी गवत राखलेल्या चरातून काढा. उतार फार असेल, तर नुसत्या आडव्या तासांवर विसंबू नका, सऱ्या फुटतात. तिथं बांधबंदिस्ती हवी आणि बांधावर वाळ्यासारखं गवतही.

पेरणी आडवी झाली, की महिन्याभरानं डवरणी, म्हणजे ओळींमधली कोळपणी, करताना डवऱ्याला दोरी गुंडाळा. दोन ओळींत आपोआप सरी पडते आणि पुढचा पाऊस तिथंच मुरतो.

नमस्कार.