राक्षसाची पेटी

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे येणाऱ्या बहुतेकांना काहीतरी नेमकं हवं असतं. कुणाला कुलपाची किल्ली, कुणाला मिक्सरचं झाकण. मी मात्र नाव नसलेल्या वस्तू शोधत फिरते. मी बालनाट्यांसाठी प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू, तयार करते. आमच्या गोष्टींत राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडे पोपटात असतो, यक्षिणीकडे कुप्या असतात, नागाच्या डोक्यावर मणी असतो. या वस्तू नव्या दुकानात मिळत नाहीत, आणि मिळाल्या तरी त्या नव्याच दिसतात. हजार वर्षांची पेटी कालच रंगवल्यासारखी दिसली, तर पहिल्या रांगेतलं सहा वर्षांचं मूलसुद्धा तिच्यावर विश्वास ठेवत नाही.

म्हणून माझं पहिलं काम असतं जुन्या वस्तू नीट बघणं. आजीचा पितळी डबा आठवा. झाकणाची कड, कडी, जिथे जिथे हात लागायचा तो भाग लखलखीत. नक्षीच्या खाचा काळ्या. आणि कुठे ओल राहिली असेल तिथे हिरवट थर, तांब्याचा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि त्यातल्या तांब्यापायीच कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकतं. हे तीन रंग कुठे येतात ते एकदा कळलं, की बिस्किटांचा पत्र्याचा डबासुद्धा राक्षसाच्या खजिन्यातला होतो.

गेल्या वर्षी असाच एक डबा मिळाला. झाकणावर गुलाबाची फुलं छापलेली. आधी पॉलिश पेपरने घासून त्याची चकाकी घालवली, म्हणजे पुढचा थर धरून बसतो. मग ग्लू गनने झाकणावर खवले काढले, एकाला लागून एक, माशासारखे. हाताला कंटाळा येतो, पण इथे घाई केली की खवले एकसारखे येत नाहीत. त्यावर पातळ टिश्यू पेपर फेविकॉलमध्ये भिजवून चिकटवला. मुद्दाम सुरकुत्या पडू दिल्या. वाळल्यावर ते चामडं वाटतं. मग सगळं काळं रंगवलं, अगदी खाचांतसुद्धा. आता ब्रश तांब्याच्या रंगात बुडवायचा आणि फडक्यावर इतका पुसायचा, की त्यात रंग उरलाच नाही असं वाटावं. तोच कोरडा ब्रश उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. खवले एकेक करून उजळतात. दरवेळी हे पाहताना मला तितकाच आनंद होतो. शेवटी निळसर हिरव्या रंगात भरपूर पाणी घालून तो बिजागरीपाशी सोडायचा आणि लगेच टिपून घ्यायचा.

पेटीच्या तळाशी मी पिशवीत भरून किलोभर वाळू ठेवली. रिकामा डबा उचलताना नटाचा हात खोटं बोलतो. वाळू असली की खांदा आपोआप झुकतो.

काचेच्या बाटल्यांना इतकी मेहनत लागत नाही. तोंडाशी सुतळी, वर मेणाचे ओघळ, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाची चिठ्ठी, झालं. आत बॅटरीवरची बारीक दिव्यांची माळ घातली, तर घरच्या फडताळातही ती शोभते. जुन्या कंदिलात मात्र घरच्या विजेची वायर ओढू नका. पत्र्याला करंट येण्याचा धोका असतो.

आणखी एक सांगायलाच हवं. जुन्या रंगात शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगवलेल्या खेळण्या, पेट्या, खिडकीच्या चौकटी कोरड्या घासू नयेत, त्याची धूळ मुलांच्या पोटात जाते. माझा नियम सरळ आहे: पापुद्रे सुटलेली वस्तू कितीही आवडली तरी बाजारातच ठेवते.

आणि चांगली समई, शाबूत लामणदिवा, हाताने ठोकलेलं तांब्याचं घंगाळ, हे कधीही रंगवू नका. कारागिराने जे घडवलं त्यावर ॲक्रिलिक फासायचा मला अधिकार वाटत नाही. चिंच लावून घासा आणि आहे तसं ठेवा. माझ्या कामाला तडा गेलेलं, झाकण हरवलेलं, कुणीच न विचारलेलं सामान पुरतं.

परवाच्या रविवारी मला एक मोडकी हार्मोनियम मिळाली. पट्ट्या निम्म्या गळालेल्या, सूर एकही धड नाही. घरी आणून भाता हलवला, तर आतून एक लांब, खोल उसासा आला. झोपलेल्या राक्षसाची छाती मिळाली. त्यावर ताणून बसवायला जुन्या छत्रीचं कापड आहे, बरगड्यांना तिच्याच काड्या. आता त्याला जबडा हवाय. तेवढ्यासाठी येत्या बुधवारी पुन्हा मंगळवार पेठ.

नमस्कार.