ट्वीडचा कोट रोज अंगात हवा

(एडिनबरा येथे मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

अध्यक्ष महाशय आणि मित्रहो,

कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय ‘ट्वीडचे कपडे कसे शिवून घ्यावेत आणि रोज कसे वापरावेत’ असा छापला आहे, आणि मी त्याला धरूनच बोलणार आहे. मात्र शिंप्याच्या दारात जाण्यापूर्वी एक गोष्ट पटायला हवी, कारण ती पटली नाही तर पुढचे सल्ले वाया जातील. मापाने बेतून घेतलेला ट्वीडचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, कोट लग्नकार्यासाठी कपाटात जपून ठेवायचा नसतो. कामावर जाताना, बाजारहाट करताना, पावसात बसची वाट पाहताना तो अंगात हवा. पैसे साठवून असा कोट शिवायचा आणि वर्षातून दोनदा घालायचा, यात विणकराच्या आणि शिंप्याच्या कष्टांचे चीज होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे कापड मुळात उघड्यावर राबणाऱ्या माणसांच्या अंगावरचे आहे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील जमीनमालकांनी आपापल्या शिकारीच्या रानांची राखण करणाऱ्या नोकरांसाठी खास ट्वीड विणून घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक रानाचे रंग वेगळे. कुठे हेदर या रानझुडपाच्या फुलांचा जांभळा, कुठे वाळलेल्या नेच्याचा तांबूस, कुठे नुसता खडकाचा करडा. त्या कपड्यातला माणूस त्या डोंगरउतारावर हरणाला दिसू नये, हा त्यामागचा हेतू. राणी व्हिक्टोरियाचे यजमान प्रिन्स अल्बर्ट यांनी १८५३ च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या बाल्मोरल या राजघराण्याच्या जहागिरीसाठी जे ट्वीड आखले, ते तिथल्या ग्रॅनाइटसारखे करडे असून त्यात लालसर शिंतोडे आहेत, आणि आजही ते कोणीही दुकानात जाऊन विकत घेऊ शकत नाही. राजाने आणि त्याच्या रखवालदाराने एकाच कापडाचा पोशाख घालून एकाच चिखलात चालावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. अनेक जहागिरींवर आजही रखवालदारांना असे सूट शिवून दिले जातात आणि ते घालून ही माणसे दिवसभर काम करतात.

हॅरिस ट्वीडची हकिकत थोडी वेगळी आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बाह्य हेब्रिडीज बेटांवरील लोक घरच्या मेंढ्यांच्या लोकरीपासून घरच्यांसाठीच कापड विणत. १८४० च्या दशकात डनमोरच्या काउंटेस कॅथरीन मरी यांनी हॅरिस बेटावरच्या विणकरांकडून आपल्या घराण्याचा टार्टन, म्हणजे ठरावीक चौकड्यांचा नमुना, त्या जाड कापडात उतरवून घेतला, आणि नंतर आपल्या परिचयातल्या बड्या मंडळींत त्या कापडाला गिऱ्हाईक मिळवून दिले. पुढे नकला निघाल्या, १९०९ मध्ये विणकरांच्या हितासाठी संघटना उभी राहिली, कापडावर गोल आणि क्रूस असलेली मुद्रा उमटू लागली, आणि अखेर १९९३ मध्ये ब्रिटिश संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला. लोकर त्याच बेटांवर रंगवलेली आणि कातलेली असावी, विणकाम बेटावरच्या माणसाने स्वतःच्या घरी हाताने केलेले असावे आणि शेवटची धुलाई-सफाईही तिथेच झालेली असावी, तरच ते हॅरिस ट्वीड. माग पायाने चालवला तरी चालतो. वीज मात्र चालत नाही.

यातला मला सर्वांत प्रिय भाग रंगाचा आहे. इथे सूत रंगवत नाहीत, कातण्यापूर्वी लोकरच रंगवतात, मग वेगवेगळ्या रंगांची लोकर मिसळून पिंजतात आणि त्यानंतर सूत निघते. माझ्या अंगातला हा कोट मागच्या रांगेतून तुम्हांला शेवाळी दिसत असेल. याच्या शिवणीतून काढलेला एक धागा मी भिंगाखाली धरून पाहिला आहे. त्यात हिरवे तंतू निम्म्याहून कमीच निघाले. उरलेले मोहरीसारखे पिवळे, गंजाच्या रंगाचे, एखादा गडद निळा आणि अगदी तुरळक गुलाबी. पावसाळी उजेडात हा कोट करडा वाटतो आणि ऊन पडले की पिवळा वर येतो. एकाच रंगात बुडवलेल्या सुताच्या कापडात हा खेळ पाहायला मिळत नाही.

कोणी म्हणेल, हे सगळे इंग्रज-स्कॉच लोकांचे. आपला त्याच्याशी काय संबंध? ज्याच्या घरात घोंगडी होती त्याने तरी हा प्रश्न विचारू नये. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पांघरून, तिची खोळ डोक्यावर घेऊन पावसात मेंढरांमागे चालणारा धनगर आणि हेब्रिडीजच्या माळावरचा मेंढपाळ यांनी एकच गोष्ट ओळखली होती: लोकर पाण्याला घाबरत नाही. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओल शोषून घेतो, तरी अंगाला ओला लागत नाही. आणि रोज कोट घालण्याचे म्हणाल, तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतले शिक्षक, कारकून, वकील धोतरावर कोट चढवल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. तो कोट शिंप्याने माप घेऊन शिवलेला असे, कोपरावर झिजला की रफू होई, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नसे.

आज मात्र वाटते. ट्वीडचा कोट घालून कचेरीत गेले की दिवसातून एकदा तरी कोणी विचारतो, ‘आज काय विशेष?’ हा प्रश्न मला खरोखर टोचतो. फाटलेली पँट घातलेल्याला असे कोणी विचारत नाही. या प्रश्नाला बाजारही खतपाणी घालतो. एका दुकानाने, नाव घेत नाही, हाताने शिवलेला म्हणून मला एक कोट विकला. एका मोठ्या पावसात तो भिजला आणि वाळल्यावर छातीवर फोड आल्यासारखे फुगवटे उठले. कोटाला आकार देणारे आतले कापड टाक्यांनी बसवलेले नव्हते, गोंदाने चिकटवलेले होते, आणि तो गोंद सुटला होता. तक्रार घेऊन गेलो तेव्हा उत्तर मिळाले की हा कोट पावसासाठी नाही. ट्वीडचा कोट पावसासाठी नाही, हे वाक्य स्कॉटलंडमध्ये उभे राहून उच्चारले गेले, आणि त्याचा राग मला आजही येतो.

त्यानंतर मी ज्या शिंप्याकडे गेलो त्याच्याबद्दल मला जरा सविस्तर सांगू द्या. त्याने टेप हातात घेतलीच नाही. आधी विचारले, दिवसभर काय करता? मी पुलांच्या तपासणीचे काम करतो, म्हणजे अर्धा वेळ टेबलाशी आणि अर्धा वेळ उघड्यावर. मग त्याने मला माझे खिसे रिकामे करायला लावले. चष्म्याचे घर, वही, मोजपट्टी, किल्ल्या, शाईचे पेन असे सगळे त्याने टेबलावर ओळीने मांडले आणि वहीची लांबी-रुंदी मापून लिहून घेतली. खुर्चीवर बसवले, सायकलच्या दांडीवर धरावेत तसे हात पुढे करायला सांगितले, बूट बांधायला वाकवले. शेवटी आरशासमोर उभे करून म्हणाला, तुमचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे, कारण पिशवी तुम्ही कायम त्याच खांद्याला लावता. ही गोष्ट माझ्या घरातही कोणाच्या लक्षात आलेली नव्हती.

पहिल्या फिटिंगला कोट पांढऱ्या कच्च्या टाक्यांनी जोडलेला होता, कॉलर नव्हती, खिसे नुसते खडूने आखलेले. मी हात खाली सोडून उभा राहिलो. त्याने बाहीकडे क्षणभर पाहिले आणि दोन्ही हातांनी ओढून ती खांद्यापासून सरळ उसवून काढली. मग माझा हात नैसर्गिकपणे जसा लोंबतो, म्हणजे किंचित पुढे, तसा धरून बाही पुन्हा टाचणीने लावली आणि बगलेजवळ खडूची एक छोटी खूण केली. बगल उंच आणि आटोपशीर कापली की हात वर केल्यावर सगळा कोट वर खेचला जात नाही. सैल बगलेत हात मोकळा वाटेल असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात होते उलटेच. उजव्या खांद्याखाली त्याने भर घातली नाही, कापडाचा बेतच बदलला. पाठीला दोन्ही बाजूंना चुण्या दिल्या, म्हणजे पुढे वाकले की पाठ उघडते आणि सरळ झाले की मिटते. वहीचा खिसा आतून डाव्या बाजूला आला आणि त्यात माझी वही अचूक मावते. शिवणींच्या आत त्याने भरपूर माया, म्हणजे जादा कापड, ठेवली. माझे पोट पुढे येणार हे त्याने गृहीत धरले होते. ते आल्यावर कोट त्याच्याकडे नेला आणि त्याने तो त्या मायेतून सैल करून दिला. ज्याने पहिल्या दिवशीच पुढच्या वीस वर्षांचा विचार केला, त्याने तो कोट कपाटात टांगण्यासाठी खासच शिवला नव्हता.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे. पत्रिकेत कबूल केलेला भाग मला आता भराभर सांगावा लागेल, त्याबद्दल क्षमस्व.

सुरुवात सूटने करू नका, एका कोटाने करा. ट्वीडची पँट कोटाच्या कितीतरी आधी बसण्याच्या जागी आणि गुडघ्यांवर झिजते, म्हणून सूटच हवा असेल तर त्याच तुकड्यातून दोन पँटी शिवून घ्या. कापडाच्या वजनाची चौकशी आधी करा. शहरी सूटचे कापड साधारण मीटरला २८० ते ३४० ग्रॅम असते, तर नेहमीचे हॅरिस ट्वीड सुमारे ४७० ते ५०० ग्रॅम. ज्याची कचेरी फार उबवलेली असते त्याने मधले वजन घ्यावे, जो बराच वेळ बाहेर असतो त्याने जडच घ्यावे. बारीक नमुन्यावरून निर्णय करू नका. हातभर कापड मागा, खांद्यावर टाका आणि दाराबाहेर उजेडात जाऊन पाहा. पहिला कोट हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारख्या तिरक्या रेघांच्या विणीचा, किंवा साधा मिश्ररंगी असावा, म्हणजे कोणत्याही पँटवर चालतो आणि रोज घातला तरी डोळ्यांत भरत नाही. ठळक चौकडा दुसऱ्या खेपेला. कोटाला आकार देणारे आतले कापड, म्हणजे कॅनव्हास, टाक्यांनी बसवणार का, माया किती ठेवणार, काज हाताने करणार का, हे तीन प्रश्न स्पष्ट विचारा, आणि उत्तर देताना जो अडखळेल त्याच्याकडे कापड टाकू नका.

खर्चाबद्दल मोघम बोलणे बरे नाही. लंडनच्या सॅव्हिल रो या नामांकित शिंप्यांच्या रस्त्यावर सूटचे हजारो पौंड पडतात, कारण एका सूटमागे पन्नास तासांहून अधिक हातकाम असते. लहान गावांतले शिंपी बरेच कमी घेतात. तरीही रक्कम मोठीच आहे, आणि ती वसूल होते ती केवळ रोज घालण्याने.

निगा सोपी आहे. रोज म्हणजे एकच कोट सलग नव्हे; एक दिवस घातला की एक दिवस रुंद खांद्याच्या हँगरवर मोकळा टांगा, भिजला तर हीटरजवळ न नेता हवेवर वाळवा, ब्रश फिरवा. धुलाईला वारंवार टाकू नका. कसर लागते ती मुख्यतः न वापरलेल्या, अंधारात दडवलेल्या आणि घामाचा अंश राहिलेल्या कपड्यांना, म्हणजे इथेही रोजचा वापर हाच उपाय. कोपर झिजले की चामड्याचे ठिगळ लावून घ्या, आधी हौसेने नको.

पुण्या-मुंबईला हा कोट न्यावा का, असे एका बाईंनी मगाशी विचारले. मुंबईला नको. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हलके ट्वीड चालेल, पण अस्तर अर्धेच ठेवायला सांगा. आणि ज्यांना येत्या थंडीत इथे कोट हवा आहे त्यांनी सप्टेंबरची वाट पाहू नये. तेव्हा शिंप्यांकडे गर्दी होते आणि दोन-तीन फिटिंग होईपर्यंत महिने जातात. मापे जूनमध्येच द्यावीत.