लशीतून सूट मिळालेला कुत्रा

मंडळी, मघाशी चहाच्या वेळी दोघातिघांनी मला गाठून एकच गोष्ट मागितली: आमच्या कुत्र्याला रेबीजच्या लशीतून सूट मिळेल असं पत्र द्या. त्या पत्राने काय मिळतं आणि काय जातं, ते आज बोलू.

कॅलिफोर्नियात तीन महिन्यांवरच्या कुत्र्याला ही लस सक्तीची आहे. लशीने जिवाला धोका असेल तर सूट देण्याची तरतूद 2012 पासून लागू झाली. व्हेट म्हणजे जनावरांचा डॉक्टर फक्त कारण लिहून सही करतो. सूट देणं न देणं काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, हेल्थ ऑफिसरच्या हातात. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. त्यावर मालकालाही सही करावी लागते, की परिणाम मला समजले आहेत आणि जबाबदारी माझी. ती ओळ घाईत वाचू नका.

खरी कारणं मोजकी असतात. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या तांबड्या पेशी किंवा प्लेटलेट्स फोडते असा आजार होऊन गेलेला कुत्रा. किंवा मागच्या लशीनंतर शॉकमध्ये जाऊन कोसळलेला. ‘वय झालंय’ हा आजार नव्हे. एकदा लशीनंतर तोंड सुजलं होतं? तर आधी अँटिहिस्टामाइन हे अॅलर्जीवरचं औषध देऊन, बाकीच्या लशी वेगळ्या दिवशी ठेवून, टोचल्यावर दवाखान्यातच बसवून बहुधा निभावतं. केमो चालू असेल तर पुष्कळदा लस नुसती पुढे ढकलून भागतं. आणि टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी, चांगला आला तरी कायदा त्याला लस मानत नाही. मागणाऱ्यांपैकी बहुतेकांना सूट नको असते, धीर हवा असतो, असं माझं मत आहे.

आता मुख्य मुद्दा. सूट मिळालेला कुत्रा कायद्याच्या लेखी लस न घेतलेलाच असतो. हेल्थ ऑफिसर त्याला घराच्या आवारातच ठेवायला सांगू शकतो. बाहेर नेताना सहा फुटांपेक्षा लांब पट्टा चालत नाही आणि तो मोठ्या माणसाच्याच हातात हवा. डॉग पार्क विसरा.

कुत्र्यांमधला रेबीजचा प्रकार अमेरिकेतून गेल्याचं 2007 मध्येच जाहीर झालं, मग भीती कुणाची, असं विचारतात. वटवाघळांची आणि स्कंक या दुर्गंधी फवारणाऱ्या रानटी प्राण्याची. समजा सकाळी अंगणात कुत्र्याच्या तोंडात वटवाघूळ सापडलं. लस घेतलेल्याला लगेच बूस्टर आणि काही आठवडे घरीच नजरेखाली, एवढ्यावर सुटका. सूटवाल्यासमोर दोनच वाटा: त्याला कायमचं झोपवणं, किंवा कित्येक महिने कुणाचाही स्पर्श होऊ न देता कोंडून ठेवणं. म्हणून ते वटवाघूळ फेकू नका, त्याचं डोकं ठेचू नका. तपासणी मेंदूची होते. हात न लावता डब्यात झाका आणि काउंटीला फोन करा. तपासणीत रेबीज नाही निघाला तर सगळं टळतं.

शेवटी, सूट मिळालेल्या कुत्र्याला पुण्याला नेऊन आणायचा बेत असेल तर सोडा. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या यादीत भारत जास्त धोक्याच्या देशांत आहे आणि तिथून लशीशिवाय कुत्रा इकडे परत आणता येत नाही. मालक बाहेरगावी असताना कुत्रे सांभाळणाऱ्या इथल्या केनेलवाल्यांनाही आधीच विचारून ठेवा. बहुतेक जण दारातच लशीचा दाखला मागतात.