तुला नाही कळायचं

मित्रहो, मी कुणी अभ्यासक नाही. घरी नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा आहे, तेवढ्याच अनुभवावर बोलायला उभा राहिलो आहे. घर, लोकप्रिय कार्यक्रम आणि राजकारण असा तिहेरी विषय आहे. मला हे तीन विषय वाटत नाहीत, एकच वाटतो. का, ते एका संध्याकाळपासून सांगतो.

टीव्हीवर चर्चा चालू होती. पडद्यावर सहा चौकटी आणि सहाही तोंडं एकाच वेळी उघडी. सोफ्यावर मी आणि माझे वडील. आमची राजकीय मतं कित्येक वर्षं जुळलेली नाहीत, त्यामुळे तोच वाद सोफ्यावरही रंगला होता. मुलगी खाली बसून चित्र रंगवत होती. मान वर न करता तिने विचारलं, "बाबा, हे सगळे एकदम बोलतात, मग ऐकतं कोण?"

मी म्हणालो, "तुला नाही कळायचं." आणि टीव्ही बंद केला.

दोन दिवसांनी दोघं भावंडं एक नवा खेळ खेळताना दिसली. सोफ्याच्या उशा रचून टेबल केलं होतं, रिमोटचा माइक. खेळाचं नाव 'चर्चा'. नियम असा की जो जास्त वेळ, जास्त मोठ्याने बोलेल तो जिंकला. धाकट्याला एकही वाक्य पुरं करता येईना. शेवटी तो रडायला लागला, तेव्हा ती त्याला समजावत म्हणाली, "अरे, असंच असतं."

मी दारात उभा होतो. जे तिला कळणार नाही असं मी म्हणालो होतो, ते तिला नको तितकं नीट कळलं होतं. मुलांना एवढ्यात राजकारणात ओढू नये, असं आपण म्हणतो. पण राजकारण घरात यायला आपली परवानगी घेत नाही. कोण बोलणार, कोण गप्प बसणार, रिमोट कुणाच्या हातात, कुणाच्या रडण्याला महत्त्व, हे सगळं मूल रोज पाहत असतं. आपण त्याबद्दल बोलतो की नाही, एवढंच आपल्या हाती उरतं.

'सेसमी स्ट्रीट' हा लहान मुलांचा कार्यक्रम अमेरिकेत नोव्हेंबर 1969 मध्ये सुरू झाला. अक्षरं, आकडे, रंगीत बाहुल्या, आणि एका गल्लीत शेजारी म्हणून राहणारी काळी-गोरी माणसं. वर्षसुद्धा झालं नव्हतं, तोवर मे 1970 मध्ये मिसिसिपी राज्याच्या शैक्षणिक टीव्ही आयोगाने हा कार्यक्रम दाखवायचा नाही असं ठरवलं. कारण त्यातली काळी-गोरी माणसं एकत्र वावरत होती. बातमी बाहेर फुटली, टीका झाली आणि काही आठवड्यांत तो निर्णय मागे घ्यावा लागला. मी ही हकिकत वाचली तेव्हा संताप आला, पण मागाहून एक विचार मनातून जाईना. त्या आयोगाचा हेतू वाईट होता, तरी एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. तीन वर्षांचं मूल पायरीवर कोण कुणाशेजारी बसलंय हे पाहतं, आणि तेच जग म्हणून मनात साठवतं. आपण चांगल्या हेतूचे आईबाप मात्र म्हणतो, "कार्टूनच तर बघतोय."

त्याच कार्यक्रमात मिस्टर हूपर नावाचे एक दुकानदार होते. ती भूमिका करणारे विल ली डिसेंबर 1982 मध्ये वारले. दुसरा नट आणता आला असता, हूपर परगावी गेले असंही सांगता आलं असतं. कार्यक्रम करणाऱ्यांनी मुलांना खरं सांगायचं ठरवलं. तो भाग त्यांनी 24 नोव्हेंबर 1983 रोजी दाखवला. तो तिकडे सणाच्या सुट्टीचा दिवस. तो मुद्दाम निवडला होता, कारण त्या दिवशी मोठी माणसं घरी असतात. मुलाने मध्येच वळून "म्हणजे ते परत येणारच नाहीत?" असं विचारलं, तर विचारायला शेजारी कुणीतरी हवं.

पडद्याबद्दल माझी तक्रार आहे ती इथे. मुलं किती तास बघतात याचा हिशेब आपण ठेवतो, ठेवावाही. पण मला जास्त बोचतं ते हे की आता प्रत्येकाच्या हातात आपापला फोन, कानात आपापला आवाज. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू. प्रश्न पडायला मध्ये जागाच नाही, आणि पडलाच तर शेजारच्याच्या कानात हेडफोन. मुलांच्याच नाही, आपल्याही.

स्वीडनने 1979 मध्ये मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी घातली. असं करणारा तो जगातला पहिला देश. त्या कायद्याची माहिती तिथे चक्क दुधाच्या खोक्यांवर छापली होती, म्हणजे सकाळी टेबलाशी आई, बाप आणि मूल, तिघंही ती वाचतील. कायदा ज्याच्यासाठी केला, त्याच्याच समोर ठेवला. मला हे फार मोलाचं वाटतं.

आणि आइसलंड. ती गोष्ट मी बाप म्हणून सांगतो. 24 ऑक्टोबर 1975 रोजी तिथल्या सुमारे नव्वद टक्के बायकांनी एक दिवस काम बंद ठेवलं. कचेरीतलं, कारखान्यातलं आणि घरातलंही. राजधानी रेक्याविकमध्ये त्या हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरल्या. बाप मुलांना घेऊन कामावर गेले. रेडिओवर बातम्या वाचल्या जात असताना मागून मुलांचे आवाज ऐकू येत होते. तो आवाज मी मनात बरेचदा ऐकतो. देशाच्या बातम्यांत एरवी ज्यांना जागा नसते, ती मुलं त्या दिवशी बापाचा हात धरून थेट आत शिरली. पुढे 1980 मध्ये याच देशाने व्हिग्दिस फिनबोगादोत्तिर यांना राष्ट्राध्यक्ष निवडलं. जगात लोकांनी मतदानाने निवडलेल्या त्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष, आणि एकटीने मूल वाढवणाऱ्या आई. त्या सोळा वर्षं पदावर होत्या. त्या सोळा वर्षांत वाढलेल्या मुलांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून दुसरं कुणी पाहिलंच नाही. त्यांना समानतेवर व्याख्यान देण्याची गरज पडली असेल का?

आता माझी एक चूक सांगतो. टीव्ही बंद करण्याच्या चुकीनंतर मी उलट टोकाला गेलो. मुलीला राजकारण समजावून सांगायला लागलो, आणि एका पुढाऱ्याबद्दल बोलताना म्हणून गेलो, "तो माणूस वाईट आहे." माझे वडील त्याच पुढाऱ्याला मानतात. दुसऱ्या दिवशी तिने ते वाक्य जसंच्या तसं आजोबांना ऐकवलं. ते काहीच बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले. ती माझ्याकडे बघत होती, त्यांच्याकडे बघत होती, आणि तिला कळेना की आता कुणाच्या बाजूने उभं राहायचं. मी तिला राजकारण शिकवत नव्हतो, माझा राग तिच्या ओंजळीत ओतत होतो. वडिलांची मी माफी मागितली, तीही तिच्यासमोर.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या 1989 च्या बालहक्क संहितेत बारावं कलम आहे. ज्या गोष्टींचा मुलाशी संबंध येतो, त्यांबद्दल मत मांडण्याचा मुलाला हक्क आहे, आणि वय व समज पाहून त्या मताला वजन दिलं पाहिजे. ते वाचून मी पुन्हा त्या उशांच्या टेबलाशी गेलो आणि मलाही खेळात घ्या म्हणालो. मुलीने विचार करून रिमोट माझ्या हातात दिला. "बाबा, तू अँकर हो. पण तू बोलायचं नाही. फक्त कुणाची पाळी ते सांगायचं."

विषय धाकट्याने निवडला. रात्री पॅसेजमधला दिवा चालू ठेवावा की नाही. तो दिवा रोज बंद करणारा मीच. आता मला बोलता येत नव्हतं. तो बोलायला लागला, अडखळला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. ताई ओठ घट्ट मिटून, बोटं चुरगाळत थांबली होती. तिला किती जड जात होतं ते दिसत होतं. तिची पाळी आली, तेव्हा मला वाटलं ती आता त्याचा मुद्दा खोडणार. तिने त्याला विचारलं, "तुला अंधाराची भीती वाटते?"

तो म्हणाला, "अंधाराची नाही. तुम्ही सगळे झोपलेले असता, त्याची."