आधी नमुना, मग औषध

श्रोतेहो, नमस्कार. कोंबड्यांच्या शेडमध्ये मरतुक सुरू झाली की माणसाचा हात पहिल्यांदा औषधाच्या बाटलीकडे जातो. माझं आजचं सांगणं एवढंच: आधी नमुना, मग औषध. पाण्यातून अँटिबायोटिक पाजलं, की तपासणीत जंतू उगवतीलच याची खात्री नाही.

एक प्रसंग सांगतो. अंड्यांवरच्या कोंबड्या पाळणारे एक गृहस्थ सकाळीच दोन मेलेले पक्षी आणि एक आजारी पक्षी घेऊन आले. "डॉक्टर, मानमोडीच आहे, राणीखेत. पुन्हा लस देऊ का?" पक्षी उघडले. अंगानं चांगले भरलेले, गळ्याजवळची पिशवी दाण्यांनी गच्च. म्हणजे नीट खाऊनपिऊन अचानक मेलेले. यकृतावर सुईच्या टोकाएवढे पांढरे ठिपके होते. हृदयातलं रक्त काचपट्टीवर पसरून मेथिलीन ब्लूनं रंगवलं, तर सूक्ष्मदर्शकाखाली जंतूंची दोन्ही टोकं गडद आणि मधला भाग फिका, अगदी सेफ्टी पिनसारखा.

मग तापवलेल्या पात्यानं यकृताचा वरचा भाग डागला, म्हणजे बाहेरचे जंतू जळून गेले. आतला अंश जंतू वाढवायच्या दोन बशांवर लावला: एक ब्लड अगरची, म्हणजे रक्त घातलेल्या खाद्याची, दुसरी मॅककॉन्कीची, जिच्यावर काही ठरावीक जंतूच वाढतात. रात्रभर ३७ अंशांत ठेवल्या. सकाळी सहायक मॅककॉन्कीची बशी घेऊन आला, "सर, यात काहीच आलं नाही." ब्लड अगरवर मात्र राखाडी, चकचकीत वसाहती भरून आल्या होत्या. मी त्याला म्हटलं, ती रिकामी बशीच तर बोलतेय! ई. कोलाय असता तर गुलाबी वसाहती दिसल्या असत्या, साल्मोनेला असता तर बिनरंगी. ब्लड अगरवर वाढ आणि मॅककॉन्कीवर काहीच नाही, यावरून आमचा संशय पाश्चुरेला मल्टोसिडावर गेला. पुढे इंडोल आणि ऑक्सिडेज या चाचण्यांनी तो पक्का झाला. मानमोडी नव्हे, कोंबड्यांचा कॉलरा. लुई पाश्चर यांनी १८८० च्या सुमारास कमजोर करून लशीसाठी वापरला, तो हाच जंतू.

कोणतं औषध लागू पडेल हे बघायला जंतूंच्या बशीवर औषधांच्या चकत्या ठेवून तपासलं, तेव्हा त्या गृहस्थांनी आधीच विकत आणलेल्या औषधाच्या चकतीला जंतू अगदी चिकटून वाढले होते, म्हणजे ते औषध लागूच पडत नव्हतं. ते पाजलं असतं तर पैसे गेले असते आणि पक्षीही. हा रोग उंदीरही पसरवतात, म्हणून सांगतो, खाद्याच्या गोण्या उघड्या ठेवू नका. उंदरांकडे दुर्लक्ष करणाऱ्याचा मला खरंच राग येतो.

बाकीच्या तपासण्या थोडक्यात. पुलोरम या साल्मोनेलाच्या रोगासाठी रंगीत अँटिजेनचा, म्हणजे रंगवलेल्या मेलेल्या जंतूंचा थेंब आणि रक्ताचा थेंब पट्टीवर मिसळतात. दोन मिनिटांच्या आत गुठळ्या दिसल्या तर पक्षी संशयित. श्वासाचा आजार करणारा मायकोप्लाझ्मा हा जंतू बशीवर फार सावकाश वाढतो, तिथे पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी बरी.

पुन्हा सांगतो, आधी नमुना, मग औषध. नुकताच मेलेला किंवा आजारी जिवंत पक्षी आणा. मेलेला असेल तर पिशवीत घालून बर्फावर ठेवा, पण गोठवू नका. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, शाई ओलाव्यानं पसरते. त्यावर पक्ष्यांचं वय, रोजची मरतुक, दिलेल्या लशी आणि औषध दिलं असेल तर त्याचं नाव लिहा. ते लपवू नका, त्यावरूनच आम्ही पुढची तपासणी ठरवतो.