शिआन : एका दिवसाची पायपीट

नमस्कार, श्रोतेहो. चीनमधल्या शिआन शहरात बहुतेक प्रवासी येतात ते पहिल्या चिनी सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेल्या मातीच्या सैनिकांसाठी. सकाळी बस पकडायची, शहराबाहेर जाऊन ते सैन्य बघायचं आणि संध्याकाळी पुढच्या गावाची वाट धरायची. सैन्य बघण्यासारखं आहेच. पण शिआनसाठी आणखी एक अख्खा दिवस काढा आणि तो पायी फिरण्यात घालवा, असा माझा तुम्हाला आग्रह आहे. कारण हेच ते छांगआन, तांग राजवटीची राजधानी. आपल्या महाराष्ट्रात येऊन गेलेला चिनी बौद्ध भिक्षू ह्युएन त्संग इथूनच निघाला होता आणि 645 साली इथेच परतला.

सुरुवात करा दक्षिण तटाजवळच्या बेईलिन संग्रहालयापासून. 1087 पासून इथे कोरीव शिळा जपून ठेवल्या आहेत. त्यांतल्या 114 शिळांवर, दोन्ही बाजूंनी, कन्फ्यूशियसच्या परंपरेतले बारा अभिजात ग्रंथ कोरलेले आहेत. हे काम 837 सालचं. हातानं नकला करताना चुका शिरायच्या, म्हणून शुद्ध पाठ दगडावरच उतरवला. ज्याला हवा त्यानं तो ताडून बघावा. इथे ठसे घेणारा कारागीर दिसला तर थांबाच. भिजवलेला पातळ कागद तो शिळेवर बसवतो, ब्रशानं ठोकून अक्षरांच्या खाचांत दाबतो आणि कागद जरा सुकला की शाईत बुडवलेली कापडाची पुरचुंडी वरून हळूहळू थोपटत नेतो. खाचेत शाई उतरत नाही, त्यामुळे काळ्या कागदावर पांढरी अक्षरं उमटतात. याच संग्रहात 781 सालची एक शिळा आहे. ख्रिस्ती धर्म चीनमध्ये कसा आला, याची हकीकत तिच्यावर चिनी लिपीत आहे आणि सोबत सिरियाक, म्हणजे पश्चिम आशियातल्या जुन्या ख्रिस्ती लोकांच्या लिपीतल्या ओळीही आहेत.

तिथून तटावर चढा. चौदाव्या शतकातल्या मिंग राजवटीचा हा तट बारा मीटर उंच आणि जवळजवळ चौदा किलोमीटर लांब आहे. पूर्ण फेरी मारण्याचा हट्ट नको, दक्षिण दरवाजाच्या आसपास फिरलं तरी पुरे. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. तांगकाळातलं छांगआन या तटाच्या कितीतरी बाहेरपर्यंत पसरलेलं होतं. संध्याकाळी आपण जो मोठा हंस-मनोरा बघणार आहोत तो आज तटाबाहेर चारेक किलोमीटरवर आहे, आणि तेव्हा तो शहरातच होता.

1384 साली उभारलेल्या घंटा-मनोऱ्यावरून पुढे गेलं की ढोल-मनोऱ्यामागे हुई, म्हणजे चिनी बोलणाऱ्या मुसलमानांची वस्ती लागते. दुपारचं जेवण इथेच. 'पाओमो' मागवलंत की आधी रिकामा वाडगा आणि जाड, घट्ट रोट्या समोर येतात. रोटी आपणच कुस्करायची, हरभऱ्याच्या दाण्याएवढी बारीक. घाई केलीत आणि तुकडे मोठे राहिले तर रस्सा आतपर्यंत मुरत नाही. मग वाडगा परत आत जातो आणि मटणाचा रस्सा, काचेसारख्या शेवया घालून बाहेर येतो. सोबत मुरवलेला गोडसर लसूण. आजूबाजूची माणसं गप्पा मारत निवांत रोटी कुस्करत बसलेली असतात. शहराशी ओळख व्हायला ही जागा मला सगळ्यात योग्य वाटते.

जवळच्याच गल्लीत मोठी मशीद आहे. घुमट नाही, उंच मिनार नाही. उतरती कौलं, लाकडी कमानी, एकामागून एक चौक, आणि मिनाराच्या जागी अष्टकोनी मंडप. चिनी मंदिरं सहसा दक्षिणेकडे तोंड करून असतात. ही वास्तू मात्र पूर्व-पश्चिम मांडलेली आहे, कारण नमाज मक्केच्या दिशेनं, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून पढायचा.

आता दक्षिणेकडे, मोठ्या हंस-मनोऱ्याकडे. पाय दुखत असतील तर मेट्रो घ्या. ह्युएन त्संगनं भारतातून 657 ग्रंथ नेले होते. ते सुरक्षित राहावेत म्हणून 652 साली हा विटांचा मनोरा बांधला गेला. पुढे त्याची पुनर्बांधणी झाली. आज तो सात मजली, सुमारे 64 मीटर उंच आहे. दक्षिण दरवाजाच्या दोन्ही बाजूंना 653 सालच्या शिळा आहेत. तांगकाळातला सुलेखनकार चू सुइलियांग याच्या हस्ताक्षरावरून त्या कोरल्या आणि चिनी सुलेखनात त्यांचा मान फार मोठा आहे.

ह्युएन त्संगचा प्रवासवृत्तान्त 646 साली याच शहरात पूर्ण झाला. त्यात महाराष्ट्र आहे. इथली माणसं साधी पण मानी, उपकार न विसरणारी आणि अपमान सहन न करणारी, सूड घ्यायचा तर शत्रूला आधी कळवून घेणारी, असं तो सांगतो. पुलकेशीचं राज्य हर्षाला जिंकता आलं नाही, हेही त्यानं नोंदवलं आहे. आणि डोंगरात कोरलेल्या एका विहाराचं वर्णन आहे, बाहेर दगडी हत्ती असलेल्या. हा विहार अजिंठ्याचाच, असं अभ्यासक मानतात. शिआनला जाण्याआधी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी असलेले ते हत्ती एकदा बघून घ्या, म्हणजे या मनोऱ्यापाशी उभं राहाल तेव्हा प्रवासाची दोन्ही टोकं तुमच्या ओळखीची असतील.