धर्म : निरंक

(दादरच्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'माणसं धर्म का सोडतात आणि पुन्हा का परततात'. हे सगळं पन्नास मिनिटांत सांगणार म्हटल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही भाजी आणायला गेलात तरी तासाभरात परतत नाही." (हशा) तेव्हा वेळ संपत आली की चिठ्ठी पाठवा. मी ती वाचेन. थांबेनच असं नाही.

मुद्द्याकडे वळण्याआधी माझी एक जुनी तक्रार आहे. काहींनी ती ऐकलेली असेल, त्यांनी तेवढ्यात चहा घेऊन यावा.

८६ साल. मुलीला शाळेत घालायचं होतं. शाळेचं नाव सांगत नाही, तिचे दोन माजी विद्यार्थी दुसऱ्या रांगेत बसलेत. त्या काळी मी फार कडक होतो. जानवं बाविसाव्या वर्षी खुंटीला गेलेलं, लग्न नोंदणी पद्धतीने, घरात देव्हारा नाही. म्हणजे होता, पण आईच्या खोलीत, आणि त्या खोलीला मी परराष्ट्र म्हणायचो. अर्जात धर्माचा रकाना आला. कोरा ठेवला तर क्लार्क आपल्या मनाने भरतो, हे आपल्याला ठाऊक. मी सरकारी नोकर. आमच्याकडे सांगण्यासारखं काही नसलं की 'निरंक' लिहायची पद्धत. तक्रारी, निरंक. प्रलंबित प्रकरणं, निरंक. (त्यांचे गठ्ठे कपाटावर असायचे, ते वेगळं.) मीही ऐटीत लिहिलं, धर्म : निरंक.

काउंटरवरच्या बाईंनी अर्ज वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि काहीही न बोलता शिक्का मारला. मला वाटलं, काय पुरोगामी शाळा! पुढे चौथीच्या स्कॉलरशिपचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा कळलं, की बाईंना तो शब्द अर्धवट वाटला होता. त्यांनी तो पूर्ण केला होता. रजिस्टरमध्ये आमची मुलगी 'निरंकारी'! (मोठा हशा)

दुरुस्तीला गेलो. शाळा म्हणाली, राजपत्रात छापून आणा. दुसऱ्या एका कचेरीच्या खिडकीवर गेलो. "बदलून कुठला धर्म लावायचाय?" म्हटलं, कुठलाच नाही. "कुठलाच नाही म्हणजे नेमका कुठला?" तिथून तिसऱ्या खिडकीवर. तिथल्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन प्रेमाने सांगितलं, "काका, पोरीचा दाखला अडेल. एकदा हिंदू लिहा आणि घरी जाऊन काय मानायचं नाही ते मानू नका." मी तेव्हा चाळिशीचाही नव्हतो, 'काका' जास्त लागलं. पण लिहिलं. माझ्या हाताने लिहिलं. असा मी स्वधर्मात परतलो. होम नाही, प्रायश्चित्त नाही, एक स्टॅम्पपेपर.

आता यातला खरा भाग. ऑफिसात ही गोष्ट फुटली. आवक-जावक विभागात आमचा एक कारकून होता, खरोखरीचा निरंकारी पंथाचा, दर रविवारी चेंबूरच्या सत्संगाला जाणारा. तो डबा घेऊन माझ्या टेबलाशी आला, हात जोडून "धन निरंकार जी" म्हणाला आणि माझ्या पाया पडला. मी चक्रावलो. त्याला सगळा घोळ सांगितला. तो म्हणाला, "असू दे साहेब, मुलगी आमची झालीच आहे. डबा इथेच खातो." त्या दिवसापासून आम्ही एकत्र जेवलो, बदली होईपर्यंत. मी धर्म सोडला तेव्हा कोणी विचारायलाही आलं नव्हतं. चुकून लागला, तर जेवायला सोबत मिळाली.

(या तक्रारीचा निकाल पुढे लागला. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, कुठल्याही अर्जात धर्म लिहायची सक्ती सरकारला करता येणार नाही आणि 'मला धर्म नाही' असं म्हणण्याचाही माणसाला हक्क आहे. तिथेही भांडण राजपत्राचंच होतं. अर्जदारांना 'धर्म नाही' असं छापून हवं होतं आणि सरकारी मुद्रणालय ते छापत नव्हतं. आमच्या मुलीने तोवर तिशी ओलांडली होती.)

तर, डबा. माझं सगळं म्हणणं त्या डब्यात आहे. परमेश्वर एक की तीन, मूर्ती की निराकार, याचा विचार करून उंबरठा ओलांडणारी माणसं असतात, पण हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. बाकीच्यांच्या बाबतीत प्रश्न पंक्तीचा असतो. कोणाच्या पंक्तीला बसवत नाहीत, कोणाच्या पंक्तीला बसवतात, आणि उठून गेलेला परत आला तर त्याचं पान मांडायला कोणी उठतं का.

हे तर आपल्याच मुंबईत घडलंय. १८४३ साल. नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण तरुण स्कॉटिश मिशनऱ्यांकडे जाऊन ख्रिस्ती झाला. त्याच्या मागोमाग धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला. अजून मूलच ते. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलगा बापाच्या ताब्यात दिला. बाप्तिस्मा झालेला नव्हता. म्हणजे प्रश्न मिटला? छे! मिशनऱ्यांकडे जेवला होता ना! कायद्याने मुलगा घरी आला, पंक्तीला येईना. 'दर्पण'कर्ते बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. म्हणाले, प्रायश्चित्त देऊन पोराला जातीत घ्या. आपण ६ जानेवारीला ज्यांच्या तसबिरीला हार घालतो ते हेच. शहरातल्या सनातन्यांनी वाद पेटवला आणि पोराची बाजू घेणाऱ्यांवरच बहिष्कार घातला. आता विचार करा. मोठा भाऊ विचार करून गेला. पुढे जालन्याजवळ त्याने बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभी केली. त्याला कोणी परत बोलावलं नाही, त्यालाही यायचं नव्हतं. पण ज्या पोराला यायचं होतं त्याच्यापुढे दार लावून घेतलं! आणि पुन्हा आपणच तावातावाने विचारतो, आपली माणसं जातात का. मला या गोष्टीचा अजून राग येतो. बाळशास्त्रींना अठराशे सेहेचाळीसमध्ये मरण आलं, म्हणजे हा ताप त्यांच्या आयुष्याच्या अगदी शेवटच्या वर्षांतला. पत्रकार दिनाच्या भाषणात ही हकिगत मी एकदाही ऐकलेली नाही. तिथे सगळे लेखणीच्या धारेवर बोलतात.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत. पाहा, बोलायला आलो होतो ते अजून उघडलंच नाही.

भराभर सांगतो. मे १९३६चा शेवट, पुन्हा मुंबईच. जामा मशिदीत गांधीजींचे थोरले चिरंजीव हरिलाल इस्लाम स्वीकारल्याचं जाहीर करतात. अब्दुल्ला असं नाव घेतात. आणि त्याच दिवसांत, ३० आणि ३१ मेला, इथून हाकेच्या अंतरावर नायगावात महार परिषद भरते. बाबासाहेब तिथे धर्मांतर का, याचं सविस्तर भाषण करतात. त्या भाषणातलं एक माझ्या फार आवडीचं. आशय असा, की धर्मांतर हा पोरखेळ नाही. जहाज हाकारण्याआधी नावाडी जशी तयारी करतो तशी आपल्याला करायचीय, आणि उतारू किती हे कळल्याशिवाय तयारी करता येत नाही. म्हणजे आधी मोजणी, मग शीड! येवल्याची घोषणा १९३५ची, नागपूरची दीक्षा १९५६ची. एकवीस वर्षं मोजणी चालली.

हरिलाल एकटे गेले. गांधीजींनी लिहिलं, मनापासून केलं असेल तर माझी तक्रार नाही. पण मनापासून केलंय यावर त्यांचा विश्वास नव्हता. कर्ज आणि दारू त्यांना दिसत होती. त्याच वर्षाअखेर आर्यसमाजाने हरिलालांना परत हिंदू करून घेतलं. सहा महिन्यांत जाणं आणि येणं. जाताना सभा, येतानाही सभा, आणि सभा उठल्यावर कोण? वडिलांच्या पाठोपाठ, जून १९४८मध्ये, ते याच शहरात वारले.

आणि दुसरीकडे ७ डिसेंबर १९५६, दादरची चौपाटी. १६ तारखेला मुंबईत दीक्षेचा सोहळा ठरलेला होता आणि त्याआधी बाबासाहेबांच्याच अंत्यसंस्काराची वेळ आली. तिथेच, वाळूत, भदंत आनंद कौसल्यायनांकडून लोकांनी दीक्षा घेतली. ही माणसं परतली नाहीत. परतणार कुठे? शेजारी, सासर, माहेर, सगळी वस्तीच एका जहाजात. हां, कागदावर काही परतले. अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती बौद्धांना १९९० साली मिळाल्या. तोवर भिंतीवर बुद्ध आणि दाखल्यावर जुनी जात, अशी कित्येक घरं मी नोकरीत पाहिली. त्यांच्या दाखल्यावर शिक्का मारताना मला माझी तिसरी खिडकी आठवायची.

टिळक राहिले. रेव्हरंड टिळक, लोकमान्य नव्हे. १८९५ साली मुंबईतच बाप्तिस्मा, पण अभंग-कीर्तन बरोबर घेऊन गेले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं सोवळं सांभाळून पाहत होत्या, मग आपल्या पायांनी गेल्या. यावर एक स्वतंत्र व्याख्यान होईल. पुढच्या वर्षी बोलवा. (हशा) पंडिता रमाबाई सुटल्याच.

दुसरी चिठ्ठी आली. शेवटचं सांगून बसतो.

आई गेली तेव्हा मी दिवस करणार नाही हे नातेवाइकांत पसरलं होतं. दोघं चुलते आलेच नाहीत. दहाव्या दिवशी सकाळी दार वाजलं. आवक-जावकचा आमचा कारकून, निवृत्त होऊन विरारला राहायला गेलेला, पहिली गाडी पकडून आला होता. हातात डबा. आईच्या देव्हाऱ्यापुढचा दिवा विझलेला पाहिला त्याने आणि मला विचारलं, "साहेब, तेल कुठे ठेवता?" मला ठाऊक नव्हतं. बायकोने दाखवलं. त्याने दिवा लावला, आम्ही जेवलो. त्या दिव्यात तेल आता मी घालतो. परराष्ट्राच्या खोलीत कपाट ठेवलंय, देव्हारा त्याच्या वर गेलाय, स्टुलावर चढावं लागतं.

घंटा झाली. प्रश्न असतील त्यांनी बाहेर या, चहा आहे.